३० एप्रिल: एक तारीख, तीन जयंत्या. गावच्या फळ्यावर काय लिहायचं आणि संध्याकाळी काय करायचं?

वाचनालय_तिवसा · १२ एप्रिल २०२६

नमस्कार मंडळी. दिनविशेषाचा फळा आपल्याकडे शाळेत, वाचनालयात, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रोज लिहिला जातो. बऱ्याचदा मोबाईलवर फिरत आलेला मजकूर जसाच्या तसा उतरतो. ३० एप्रिलला तरी तसं होऊ नये. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत जन्मलेल्या तुकडोजी महाराजांची ही जयंती, तिला आपण ग्रामजयंती म्हणतो. त्याच तारखेला दादासाहेब फाळके जन्मले आणि संगीतकार श्रीनिवास खळेही. भजन, चित्रपट आणि भावगीत एकाच दिवशी एका फळ्यावर येतात, असा दिवस वर्षात दुसरा सहज सापडत नाही.

हाताशी असलेल्या नोंदी:

१८७० – दादासाहेब फाळके, जन्म, त्र्यंबकेश्वर
१८८३ – फ्रेंच चित्रकार एदुआर माने, निधन, पॅरिस
१९०९ – राष्ट्रसंत तुकडोजी महाराज, जन्म, यावली
१९२६ – श्रीनिवास खळे, जन्म
२०२० – अभिनेते ऋषी कपूर, निधन, मुंबई
आणि युनेस्कोचा आंतरराष्ट्रीय जॅझ दिन.

फळा ४ बाय ३ फुटांचा आहे, एवढं सगळं मावत नाही. काय ठेवावं? महाराजांची जयंती ११७ वी म्हणायची की ११८ वी? आणि संध्याकाळी दोन तासांचा कार्यक्रम बसवायचा तर कसा? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

---

पंचांगवाला · १२ एप्रिल

ताई, आधी गणित. २०२६ वजा १९०९ म्हणजे ११७. जन्माचा दिवस ही काही जयंती नव्हे. पहिली जयंती ३० एप्रिल १९१० ला आली, त्या हिशेबाने यंदाची ११७ वी. ११८ हा आकडा येतो तो "११८ व्या वर्षात पदार्पण" यातून. दोन्ही बरोबर आहेत, पण शब्द बदलला की आकडा बदलतो. फाळक्यांची १५६ वी.

खळ्यांच्या बाबतीत हा फरक फार महत्त्वाचा आहे. १९२६ मध्ये १०० मिळवले की २०२६. म्हणजे जन्मशताब्दी वर्ष ३० एप्रिल २०२५ ला सुरू झालं आणि या ३० तारखेला जन्माला १०० वर्षं पूर्ण होतात. पुष्कळ ठिकाणी "जन्मशताब्दी वर्षास प्रारंभ" असं छापून येईल, ते उतरवू नका.

आता तिथी आणि तारीख. महाराजांची जयंती तारखेने होते, पुण्यतिथी महोत्सव मात्र गुरुकुंज मोझरीला तिथीने, अश्विन वद्य पंचमीला. निर्वाण ११ ऑक्टोबर १९६८ चं. म्हणून फळ्यावर ११ ऑक्टोबर लिहिलेलं असतं आणि ४ वाजून ५८ मिनिटांची मौन श्रद्धांजली भलत्याच तारखेला येते, मग कोणी तरी फळा चुकला म्हणून पुसतो. चुकलेला नसतो. तिथे "निर्वाण ११ ऑक्टोबर १९६८, महोत्सव तिथीनुसार" एवढं लिहिलं की वाद मिटतो. यंदा अधिक ज्येष्ठ असल्यामुळे ती पंचमी ऑक्टोबरच्या अगदी अखेरीस जाते.

यंदाचा ३० एप्रिल गुरुवारी आहे, वैशाख शुद्ध चतुर्दशी. दुसऱ्या दिवशी बुद्ध पौर्णिमा, महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन एकत्र आलेत. म्हणजे १ तारखेच्या फळ्यालाही जागा लागणार. ३० ची रात्रच फळा बदलायची ठरवा, सकाळी झेंड्याच्या घाईत कोणाला वेळ नसतो.

जुन्या पोथ्यांवर शके असतो, तोही कामाचा विषय आहे. गुढीपाडव्यानंतरच्या तारखेला शकात ७८ मिळवायचे, जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तारखेला ७९. महाराजांचा जन्म पाडव्यानंतरचा, म्हणून शके १८३१ अधिक ७८ बरोबर १९०९. सगळ्यांनाच सरसकट ७८ लावले की माघ-फाल्गुनातल्या नोंदी एक वर्षाने मागे सरकतात.

---

शब्दखूण · १२ एप्रिल

पंचांगवाले काकांना दुजोरा. मी शुद्धलेखनाच्या अंगाने भर घालतो, कारण फळ्यावरची चूक पन्नास पोरांच्या वहीत जाते.

नावं इंग्रजीवरून उलटी मराठीत आणली की बिघडतात. "तुकाडोजी" नव्हे, तुकडोजी. "खाले" किंवा "खले" नव्हे, खळे. फाळक्यांचं नाव धुंडिराज, "धुंडीराज" नव्हे, आणि त्यांचं गाव त्र्यंबकेश्वर. "यावली" च्या जागी यंत्राने "यवतमाळ" भरलेलं पाहण्यात आहे. यावलीच्या नावापुढे "शहीद" हा शब्दही जोडून लिहितात, १९४२ च्या लढ्याची ती खूण आहे. तो गाळू नये.

महाराजांचं मूळ नाव माणिक बंडोजी इंगळे. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. दोन्ही नावं एका ओळीत बसतात.

शब्द: हयात नसलेल्यांसाठी "वाढदिवस" लिहू नये. संतांना आणि थोरांना जयंती, पुण्यतिथी. कलावंतांना जन्मदिन, स्मृतिदिन. "वर्धापनदिन" संस्थेचा असतो, माणसाचा नाही. आणि प्रत्येक नोंदीत चार गोष्टी हव्यातच: वर्ष, नाव, काय घडलं, कुठे घडलं. "३० एप्रिल – दादासाहेब फाळके" इतकंच लिहिलं तर वाचणाऱ्याने जन्म समजायचं की मृत्यू? फाळक्यांचं निधन १६ फेब्रुवारी १९४४ चं, नाशिकचं. या दोन तारखांची अदलाबदल फळ्यांवर नेहमीची आहे.

"भारतातला पहिला चित्रपट" हे शब्द जपून. दादासाहेब तोरण्यांचा 'पुंडलिक' १८ मे १९१२ ला मुंबईत कॉरोनेशनमध्ये लागला होता. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला, त्याच चित्रगृहात. 'पुंडलिक' हे रंगमंचावरच्या नाटकाचं चित्रण होतं, म्हणून मान फाळक्यांकडे जातो. "भारतातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट" असं लिहा, कोणावरही अन्याय होत नाही.

---

वऱ्हाडी_गडी · १२ एप्रिल

ताई, सगळं बरोबर हाये, पन एक इचारतो. आपल्या गावात जॅझ अन् तो फ्रान्सचा चित्रकार कोन वाचते? फळा भरते फुकट अन् महाराजांचं नाव बारीक अक्षरात जाते. काहून ठेवा ते?

---

वाचनालय_तिवसा · १२ एप्रिल

भाऊ, तुमचं म्हणणं पटतं. तीन जयंत्यांच्या नोंदी वर मोठ्या, बाकीच्या एका ओळीत खाली. पण पूर्ण काढू नये असं वाटतं. गावातल्या एखाद्या मुलीच्या हातात ब्रश असेल, तिला मानेचं नाव फळ्यावरच पहिल्यांदा दिसेल.

---

पंचांगवाला · १२ एप्रिल

परदेशी नोंदींबद्दल एक सावधगिरी. मानेची तारीख सरळ आहे. पण याच्या आठवडाभर आधी, २३ एप्रिलला, जागतिक पुस्तक दिनाच्या फळ्यावर "शेक्सपिअर आणि सर्व्हान्टिस एकाच दिवशी गेले" असं हमखास येतं. दोघांचीही नोंद २३ एप्रिल १६१६ खरी, पण इंग्लंड तेव्हा जुन्या ज्युलियन कालगणनेवर आणि स्पेन नव्या ग्रेगोरियनवर होतं. मध्ये दहा दिवसांचा फरक. शिवाय सर्व्हान्टिसचं निधन २२ ला आणि दफन २३ ला असं आता मानतात. तारीख एक, दिवस वेगळे. इंग्लंडची १७५२ पूर्वीची आणि रशियाची १९१८ पूर्वीची तारीख असेल तर कोणती कालगणना हे पाहूनच लिहावं.

जॅझ दिन युनेस्कोने २०११ मध्ये जाहीर केला, २०१२ पासून साजरा होतो. एवढं पुरे.

---

मास्तर_दारव्हा · १३ एप्रिल

फळ्याचं काम आधी सांगतो, मग फाळक्यांकडे वळतो.

वाचणारा तीन मीटरवर उभा असेल तर अक्षर किमान एक इंच उंच हवं, तेही वेलांटी-मात्रा सोडून. मराठीत वर मात्रा आणि खाली उकार असतात, त्यामुळे दोन ओळींत अक्षराच्या उंचीइतकीच मोकळी जागा सोडावी लागते. ३ फूट उंच फळ्यावर दोन-अडीच इंचांचं शीर्षक धरलं की खाली दहा ते बारा ओळी बसतात. त्यापेक्षा जास्त कोंबल्या तर कोणी थांबून वाचत नाही.

खडू साखरेच्या पाण्यात भिजवा. एक कप पाण्यात तीन मोठे चमचे साखर विरघळवायची, खडू त्यात दहा मिनिटं ठेवायचे, बाहेर काढून ओलसर असतानाच लिहायचं. वाळल्यावर रंग ठसठशीत उठतो आणि पोरांच्या शर्टाला लागत नाही. दोष एकच, कोरड्या डस्टरने पुसला जात नाही, ओलं फडकं लागतं. जास्त वेळ भिजवलेला खडू हातात मोडतो. आणि फळा उन्हाच्या भिंतीवर असेल तर लिहितानाच ओल उडते, म्हणून सकाळी सातच्या आत लिहा. शक्यतो २९ ला संध्याकाळीच.

आता फाळके. त्यांचं सगळ्यांत शिकवण्याजोगं काम पोरांना कोणी सांगत नाही. 'राजा हरिश्चंद्र' च्या आधी, १९१२ मध्ये, भांडवल देणाऱ्यांना खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून त्याची वाढ महिनाभराहून अधिक काळ थोडी थोडी चित्रित केली. पडद्यावर ती मिनिटभरात दिसली. शेतकऱ्याच्या पोराला याहून जवळचा चित्रपट कुठला? तो आज मोबाईलवर करता येतो. भाषण-पुष्पहारापेक्षा ही जयंती मला मोलाची वाटते. म्हणून पायऱ्या सविस्तर देतो.

एप्रिलात वाटाणा आपल्याकडे धरत नाही. मूग घ्या. २३ ला रात्री दहा-बारा दाणे पाण्यात टाका, आठ तास पुरे. चोवीस तास ठेवले तर आंबूस वास येतो आणि दाणा कुजतो. २४ ला सकाळी पेरा. नुसती काळी माती नको. वाळली की तिला भेगा पडतात आणि पापुद्रा अंकुराला डोक्यावर घेऊन उठतो. अर्धी माती, अर्धं चाळलेलं शेणखत आणि मूठभर रेती. दाणा दोन सेंटीमीटर खोल. कुंडीऐवजी कापलेली पाण्याची बाटली घेतली आणि दाणे काठाला लागून ठेवले तर मूळही दिसतं.

दर दहा मिनिटांनी एक फोटो. तासाला ६, दिवसाला १४४, पाच दिवसांत ७२०. सेकंदाला २४ फोटो दाखवले की बरोबर ३० सेकंदांची फिल्म तयार होते. ठरावीक अंतराने फोटो काढणारं अ‍ॅप फुकट मिळतं. मोबाईलमध्ये दोन-अडीच जीबी जागा मोकळी असू द्या.

बिघडतं कुठे ते पाहा. पहिलं, उजेड. खिडकीतल्या उन्हावर भरवसा ठेवला तर चित्र दर सेकंदाला लुकलुकतं. अंधाऱ्या खोलीत ९ वॉटचा एलईडी दिवा कुंडीच्या वर दोन फुटांवर, थोडा समोरच्या बाजूला, रात्रंदिवस चालू. दिवा एका बाजूला लावला की रोप त्याच बाजूला वाकतं. दुसरं, मोबाईल स्वतःहून उजेड आणि फोकस बदलत राहतो. पडद्यावर बोट दाबून धरून दोन्ही कुलूपबंद करा. तिसरं, बॅटरी बचत चालू असेल तर मोबाईल रात्री अ‍ॅप झोपवून टाकतो आणि सकाळी पन्नासच फोटो निघतात. ती सेटिंग बंद करा, विमान मोड चालू करा, चार्जर जोडलेला ठेवा. चौथं, पाणी. वरून ओतलं की माती खचते आणि चित्रात उडी दिसते. सलाईनच्या नळीने किंवा सुताच्या वातीने काठावरून थेंब थेंब द्या.

---

वऱ्हाडी_गडी · १३ एप्रिल

मास्तर, हे लय भारी सांगतलं. पन आमच्याकडं दिवसातून दोनदा लाईन जाते. अन् या उनात मोबाईल चार्जरवर राह्यला तं तापते अन् बंद पडते. त्याचं काय कराव?

---

मास्तर_दारव्हा · १३ एप्रिल

भाऊ, मोबाईलचं कव्हर काढा. पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीला आणि टिनाखाली ठेवू नका, मातीच्या भिंतीची आतली खोली उत्तम. कूलर समोर लावू नका, पान हलत राहतं. कूलर खोलीत असला तरी झोत दुसरीकडे वळवा.

वीज जाण्यावर उपाय म्हणजे आत बॅटरी असलेला इन्व्हर्टर बल्ब. त्याचा उजेड वीज गेल्यावर कमी होतो, म्हणून ते फोटो काळपट येतील. अगदी काळे असतील ते काढून टाका. तासाभराचे सहा फोटो गेले तर पडद्यावर पाव सेकंदाचीच उडी येते, कोणाच्या लक्षात येत नाही. चार तास सलग गेले तर मात्र अंकुर एकदम उभा राहिल्यासारखा दिसतो.

---

झाडीतला · १४ एप्रिल

आमच्याकडे गडचिरोली-चंद्रपूर-गोंदियाकडे सकाळचा कार्यक्रम ठेवू नका. एप्रिलच्या शेवटी तेंदूपत्त्याची लगबग सुरू होते, माणसं पहाटेच जंगलात जातात आणि दुपारी पुडे बांधतात. संध्याकाळी प्रार्थनेनंतरची वेळ सगळ्यांना जमते. लग्नसराईही आहे, मंडपवाला आणि ध्वनिक्षेपक आजच सांगून ठेवा.

पडद्याबद्दल. ३० तारखेला अमरावतीकडे सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो, आमच्याकडे थोडा आधी. उघड्यावर चित्र सव्वासातच्या आधी दिसत नाही. पडद्याचं तोंड पूर्वेकडे करा, म्हणजे पश्चिमेचा उरलेला उजेड त्यावर पडत नाही. पूर्वेला चौदसचा चंद्र उगवलेला असेल, त्याने चित्र फिकं होत नाही. फिकं करतो तो रस्त्यावरचा एलईडी. तो तासाभरासाठी बंद करायला ग्रामपंचायतीला आधी सांगा, नाहीतर खांबावर चढायला ऐन वेळी कोणी मिळत नाही.

पडद्याला झाडीपट्टीच्या नाटकांचा पांढरा पडदा मिळाला तर उत्तम. नाटकांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन होळीच्या आसपास आटपतो, त्यामुळे या दिवसांत सामान मोकळं असतं. ८ बाय ६ फूट पुरे. खालच्या काठात बांबू ओवून दोन्ही टोकं खुंट्यांना बांधा. या महिन्यात संध्याकाळी वावटळ उठते, मोकळा पडदा शिडासारखा फुगतो आणि वरचा बांबू मोडतो.

प्रोजेक्टर दिवसा उन्हात आणून ठेवू नका. बहुतेक यंत्रं ३५ ते ४० अंशांपर्यंतच चालायला बनवलेली असतात. संध्याकाळी सातलाही आपल्याकडे तेवढं असतं. लाकडी स्टुलावर ठेवा, खाली सतरंजी घालू नका, हवा घ्यायची जाळी बंद होते. संपल्यावर एकदम प्लग ओढायचा नाही, पंखा थांबेपर्यंत थांबायचं.

---

शब्दखूण · १४ एप्रिल

'राजा हरिश्चंद्र' दाखवणार असाल तर त्याच्या लांबीचा गोंधळ आधी समजून घ्या. कोणी ४० मिनिटं लिहितं, कोणी तास. फिल्म ३,७०० फुटांची होती. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चित्रं बसतात, म्हणजे ५९,२०० चित्रं. मूकपटाच्या काळातल्या सेकंदाला १६ च्या गतीने ६१ मिनिटं ४० सेकंद, आजच्या २४ च्या गतीने ४१ मिनिटं. म्हणून जुने मूकपट आज पाहताना माणसं दुडदुड धावल्यासारखी दिसतात. पोरांना हे सांगून मास्तरांची मुगाची फिल्म एकदा २४ ने आणि एकदा १२ ने दाखवा, लगेच उमगेल.

पूर्ण चित्रपट आज उपलब्ध नाही. फाळक्यांनी १९१७ मध्ये तो पुन्हा केला होता, आणि उरलेली रिळं नेमकी कोणत्या वेळची याबद्दल अभ्यासकांत वाद आहे. म्हणून "१९१३ चा संपूर्ण चित्रपट" अशी जाहिरात करू नका, "उपलब्ध भाग" म्हणा. तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुष नटाने केली, हे आधी सांगितलं तर प्रेक्षक बारकाईने पाहतात. या चित्रपटाला आता हक्काची अडचण नाही. भारतात चित्रपटाचे हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं असतात. ऋषी कपूरचा चित्रपट लावायचा झाला तर मात्र परवानगी लागेल.

---

भजनमंडळ · १५ एप्रिल

राम कृष्ण हरी. जय गुरू. कार्यक्रमाची सुरुवात सामुदायिक प्रार्थनेनेच व्हावी, सूर्यास्ताच्या वेळी. नंतर ग्रामगीतेचा एक अध्याय. संपूर्ण ग्रंथ ४१ अध्यायांचा आणि ४,६७५ ओव्यांचा आहे, म्हणजे एका अध्यायाला सरासरी ११४ ओव्या. चालीत एक ओवी म्हणायला दहा सेकंद धरले तर १९ मिनिटं लागतात. अध्यायांची लांबी कमी-जास्त आहे, म्हणून निवडलेल्या अध्यायाच्या ओव्या आधी मोजा. दोन गट करा, एकाने म्हणायची, दुसऱ्याने तीच परत म्हणायची असं केलं तर वेळ दुप्पट होतो, हे विसरलं की पुढचा सगळा कार्यक्रम सरकतो.

आता खंजिरी. महाराजांची ओळख या वाद्याशी जोडलेली आहे आणि एप्रिलच्या उन्हात तेच सर्वांत आधी रुसतं. कोरड्या हवेत चामडं ताणतं, आवाज टणटण आणि पातळ होतो, थापेचा घुमारा जातो. सुती फडकं ओलं करून घट्ट पिळा आणि चामड्याच्या आतल्या बाजूने एकदाच फिरवा. वरून, बोटं पडतात तिथे, पाणी लावू नका, डाग पडतो आणि तेवढाच भाग सैल होतो. दोन-तीन मिनिटं थांबून थाप द्या. पहिल्या थापेत "भद्द" आला तर पाणी जास्त झालं. तिला वाऱ्यावर धरा, विस्तवावर नव्हे. शेकल्याने चामडं कड्यापाशी सुटतं. भजन लांबलं तर अर्ध्या तासाने हेच पुन्हा करावं लागतं, म्हणून मंडळात दोन खंजिऱ्या असाव्यात: एक हातात, एक ओल्या फडक्याशेजारी.

झाकलेल्या गाडीत, टिनाच्या छपराखाली, मंडपातल्या दिव्याजवळ वाद्य ठेवू नका. कडं लाकडाचं असलं तर तडा जातो.

जुनी खंजिरी घोरपडीच्या कातड्याची असू शकते. घोरपड वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, ते कातडं विकत घेणं आणि बाळगणं गुन्हा आहे. नवी मढवताना बकरीचंच कातडं सांगा.

---

सूरपेटी · १५ एप्रिल

सगळ्यांनी छान लिहिलंय. खळ्यांकडे मात्र कोणी वळलं नाही, म्हणून लिहिते.

खळे म्हटलं की मुलांना काय सांगायचं असा प्रश्न पडतो. सोपं उत्तर त्यांच्या रोजच्या परिपाठातच आहे. 'जय जय महाराष्ट्र माझा' ची चाल श्रीनिवास खळे यांची, गायलं शाहीर साबळे यांनी, आणि शब्द राजा बढे यांचे. बढे आपल्या नागपूरचे, जन्म ७ फेब्रुवारी १९१२. हे गीत १९ फेब्रुवारी २०२३ पासून महाराष्ट्राचं राज्यगीत आहे. म्हणजे ज्यांच्या जन्माला ३० ला शंभर वर्षं होतात, त्यांचीच चाल १ मे च्या सकाळी झेंड्याखाली गायली जाणार. फळ्यावर या दोन दिवसांना जोडणारी ओळ जरूर लिहा. खळ्यांना २०१० मध्ये पद्मभूषण मिळालं, २ सप्टेंबर २०११ ला ते गेले.

३० च्या संध्याकाळी याच गीताची तालीम घ्या. राज्यगीत म्हणून दोनच कडवी घेतलेली आहेत, वेळ १ मिनिट ४१ सेकंद. जुन्या ध्वनिमुद्रिकेवर सराव केलेली मुलं तिसऱ्या कडव्यात शिरतात आणि झेंड्यापाशी गोंधळ होतो. क्रमही पक्का करा: आधी राष्ट्रगीत, मग राज्यगीत, सगळे सावधान.

पट्टी ठरवताना पहिल्या ओळीवरून ठरवू नका. सगळ्यांत उंच जाणारी ओळ आधी म्हणून पाहा, ती मुलांना किंचाळल्याशिवाय जमली की तिथून खाली या. पोरं आणि मोठी माणसं एकत्र गाणार असतील तर मोठ्यांनी खालच्या सप्तकात म्हणावं. आणि हार्मोनियमही उन्हाला भिते: भात्याची चिकटवलेली घडी सुटून हवा गळते. सगळे पडदे बंद ठेवून भाता दाबून पाहा. तो झपकन बसला तर गळती आहे. कागदाची पट्टी आणि खळ लावून तात्पुरतं भागतं.

ध्वनिक्षेपकावर ठेका उशिरा ऐकू येतो. कर्णे दूर लावलेले असतील तर गाणाऱ्यांनी कर्ण्याकडे नाही, समोर हात हलवणाऱ्याकडे पाहायचं.

---

वाचनालय_तिवसा · १६ एप्रिल

सर्वांचे मनापासून आभार. तुम्ही सांगितल्याप्रमाणे फळ्याचा मजकूर असा केलाय:

३० एप्रिल – ग्रामजयंती
१९०९ · राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (माणिक बंडोजी इंगळे), जन्म यावली शहीद, जि. अमरावती. गुरू: आडकोजी महाराज, वरखेड. ११७ वी जयंती.
१८७० · दादासाहेब (धुंडिराज गोविंद) फाळके, जन्म त्र्यंबकेश्वर. भारतातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट, १९१३.
१९२६ · संगीतकार श्रीनिवास खळे, जन्म. आज १०० वर्षं पूर्ण. उद्या सकाळी त्यांची चाल आपण गाणार आहोत: शब्द नागपूरचे राजा बढे.
आज हेही: चित्रकार एदुआर माने (नि. १८८३), अभिनेते ऋषी कपूर (नि. २०२०), आंतरराष्ट्रीय जॅझ दिन.

संध्याकाळ: ६.४५ प्रार्थना, ७.०५ ग्रामगीतेचा अध्याय, ७.३० मुगाची फिल्म आणि 'राजा हरिश्चंद्र' चा उपलब्ध भाग, ८.१० खंजिरी भजन, ८.३५ राज्यगीताची तालीम.

---

पंचांगवाला · १६ एप्रिल

ताई, उत्तम. एकच दुरुस्ती. वर्षं क्रमाने नाहीत, त्यामुळे कोणाला तरी चूक वाटेल आणि तो खडू घेऊन क्रम लावेल. महाराजांची नोंद चौकटीत घ्या, म्हणजे ती वेगळी दिसते आणि खालचा क्रम सरळ राहतो. ग्रामपंचायतीलाही कळवून ठेवा. शासनाच्या जयंत्यांच्या परिपत्रकात ३० एप्रिल असतो, प्रतिमापूजन त्यांना करायचंच आहे; सकाळी तिथे आणि संध्याकाळी तुमच्याकडे अशा वेळा वाटून घ्या.

---

भजनमंडळ · १६ एप्रिल

प्रतिमा नीट पाहून लावा. गाडगेबाबांचा आणि महाराजांचा फोटो अदलाबदल होऊन छापलेले फलक दिसतात. आणि भजनाला २५ मिनिटं कमी पडतील ताई, तालीम ८.४५ ला घ्या. ध्वनिक्षेपक दहाच्या आत बंद होतोच.

---

वऱ्हाडी_गडी · १७ एप्रिल

मास्तर, मूग आनला. गेल्या सालचा घरचाच हाये, भुंगा लागला थोडा. चालते का?

---

मास्तर_दारव्हा · १७ एप्रिल

भोकं पडलेले दाणे उगवत नाहीत भाऊ, निवडून काढा. उरलेल्यांतले वीस दाणे आजच ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. १९ च्या संध्याकाळपर्यंत सोळा-सतराला मोड आले तर तेच बी घ्या. दहाच्या खाली राहिले तर दुकानातून नवं आणा, २३ च्या रात्रीपर्यंत वेळ आहे.